घर पाहावे विकून

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ अशी आपल्याकडे म्हण आहे. या दोन्ही प्रसंगी माणसाचा कस लागतो, यात शंका नाही. तथापि ज्या कोणा अनुभवी पुरुषाने ही म्हण रचली, त्याच्यावर घर विकण्याचा प्रसंग आलेला नसावा असे आम्हांस वाटते. आला असता, तर म्हणीला तिसरा चरण जोडल्यावाचून तो राहता ना. घर बांधताना माणसाच्या धीराची परीक्षा होते, लग्न करताना त्याच्या थैलीची होते. आणि वडिलांचे घर विकताना, आपण इतकी वर्षे ज्या ‘आम्ही’ या शब्दावर विसंबून बोलत आलो, त्या शब्दाचीच परीक्षा होते.

येथे प्रथमच सांगून टाकले पाहिजे की, या लेखातला ‘आम्ही’ हा मासिकांतून मिरवणारा संपादकी ‘आम्ही’ नव्हे. तो व्याकरणाला धरून अनेकवचनी आहे. आम्ही तीन भावंडे: दादा, ताई आणि धाकटा. पैकी लेखणी कोणी हाती धरली आहे, हे वाचकांनी विचारू नये. मजकूर तिघांनीही वाचून मान्य केला आहे, एवढे पुरे.

घर सांगलीस, कृष्णेच्या अंगाला असलेल्या वस्तीत. जागा अण्णांनी १९६८ साली घेतली, आणि बांधकामास हात घातला तो नेमका १९७२ च्या दुष्काळात. भिंती उभ्या राहिल्या, पण त्यांच्यावर मारावयास पाणी नाही. तेव्हा आईने न्हाणीतले वापरलेले पाणी बादल्यांत धरून ठेवावे आणि दिवस मावळताना ते भिंतींना घालावे, असा क्रम कित्येक आठवडे चालला होता. पाण्यासाठी ज्या घराचा जीव असा टांगणीला लागला, त्याच घरात २००५ च्या पावसाळ्यात कृष्णामाई कमरेइतकी येऊन उभी राहिली. पाणी ओसरल्यावर चिखल काढण्यात, भिंतींचे पोपडे खरवडून नवा गिलावा करण्यात आणि दारे बदलण्यात अण्णांची बरीचशी शिल्लक गेली. त्यातूनही त्यांनी दुसऱ्या वर्षी, म्हणजे २००६ साली, घरावर माडी चढवली. ‘पुन्हा पाणी आले तर वर जावयास जागा हवी,’ एवढेच त्यांचे म्हणणे. धाकटा तेव्हा नुकताच अमेरिकेस गेला होता. माडीचे निम्मे पैसे त्याने धाडले. २०११ साली अण्णा गेले. २०१९ च्या ऑगस्टात पाणी खरोखरच पुन्हा आले, तेव्हा देवांचा डबा आणि औषधांची पिशवी घेऊन आई त्या माडीवर बसून होती, आणि तेथूनच तिला नावेने काढण्यात आले. २०२२ साली आईही गेली, आणि घराला कुलूप लागले.

बंद घर हे आजारी माणसासारखे असते. त्याच्याजवळ कोणी बसावयास नसले की ते झपाट्याने खचते. दादा डोंबिवलीस, ताई नाशकास भाड्याच्या घरात, धाकटा न्यू जर्सीत. दोन पावसाळे आम्ही आळीपाळीने जाऊन खिडक्या उघडून आलो. तिसऱ्या पावसाळ्यानंतर विकावयाचे ठरले, आणि १ कोटी २० लाख रुपयांस व्यवहार जुळला. तेव्हा आम्ही एका सीएंकडे गेलो.

त्यांनी पहिला प्रश्न केला, “घर कोणाचे?”

आम्ही म्हटले, “आमचे.”

“ते झाले, पण आमचे म्हणजे कोणाकोणाचे, आणि किती किती?”

हा प्रश्न आम्हांला पन्नास वर्षांत कोणी विचारलेला नव्हता. त्यांनी तो समजावून दिला. एकत्र हिंदू कुटुंब ही वस्तू आयकराच्या कायद्याला ठाऊक आहे. पण आमचे घर पडले अण्णांची स्वकष्टार्जित मिळकत. मृत्युपत्र न करता ते गेले, म्हणजे त्यांच्यामागे आई आणि आम्ही तिघे असे चार समान हिस्से झाले. आईही तशीच गेली. तिचा चौथा हिस्सा पुन्हा आम्हां तिघांत वाटला गेला. सारांश, प्रत्येकाचा तिसरा हिस्सा. विक्रीवरचा कर घराला लागत नाही, हिस्सेदाराला लागतो. तीन विवरणपत्रे, तीन हिशेब, तीन माणसे. ज्या ओसरीवर आम्ही तिघे एका ताटात जेवलो, ती ओसरी त्या दुपारी तीन रकान्यांत विभागली गेली.

दुसरा प्रश्न होता, घराला पडले किती? याचे उत्तर आमच्यापाशी तयार होते. अण्णा हायस्कुलात शिक्षक; त्यांनी १९७२ च्या बांधकामाची वही विटांच्या गाडीपासून खिळ्यांच्या पुड्यापर्यंत लिहून ठेवली होती. ती आम्ही मोठ्या अभिमानाने पुढे केली. सीएंनी ती आदराने चाळली आणि मिटवून परत दिली. कायदा असा की, १ एप्रिल २००१ पूर्वी घेतलेल्या घराच्या बाबतीत त्या दिवशीची बाजारभावाने होणारी किंमत हीच खरेदीची किंमत म्हणून धरता येते. पूर्वी हीच तारीख १ एप्रिल १९८१ होती. २०१७ च्या वित्त कायद्याने ती वीस वर्षे पुढे आणली. मात्र ही किंमत मनास येईल ती लावता येत नाही. त्या काळचे सरकारी मुद्रांकमूल्य उपलब्ध असेल, तर त्याच्यावर ती जाऊ नये असे बंधन आहे. नोंदणीकृत मूल्यनिर्धारकाने आमच्या घराची २००१ ची किंमत १२ लाख ठरवली. दुष्काळ, विटा, खिळे आणि आईच्या बादल्या हे सर्व त्या एका आकड्यात गडप झाले. त्यात आमचे नुकसान काहीच नव्हते, उलट फायदाच होता. पण ती वही पुन्हा पिशवीत घालताना दादांचा हात जरा रेंगाळला, हे आम्ही पाहिले.

तिसरा प्रश्न सुधारणेचा. २००१ नंतर घरात भर घालण्यासाठी जो खर्च केला असेल, तो किमतीत मिळवता येतो. परंतु जे होते ते टिकवण्यासाठी केलेली डागडुजी मिळवता येत नाही. म्हणजे २००६ ची माडी हिशेबात आली, आणि २००५ च्या पुरानंतरचा गिलावा आला नाही. माडीच्या पावत्या अण्णांच्या पत्र्याच्या ट्रंकेत क्रमवार टाचून ठेवलेल्या सापडल्या. बेरीज बरोबर २ लाख. गिलाव्याच्याही पावत्या होत्या, पण त्या निरुपयोगी ठरल्या. हा भेद शास्त्राला धरून असेल. आम्ही त्याबद्दल वाद घालीत नाही. फक्त एवढेच मनात आले की, आयुष्यात घर बांधणे एकदा होते आणि घर टिकवणे रोज होते. आणि हे रोजचे काम आमच्या घरी आईने केले होते. त्याची पावती कोण देणार?

आता प्रत्यक्ष हिशेब. ज्यांच्यावर असा प्रसंग येणार आहे, त्यांच्यासाठी तो थोडा तपशिलाने सांगतो. आमची विक्री २०२५ च्या जानेवारीतली. त्याच्या आदल्या जुलैपर्यंत घराच्या नफ्यावर २० टक्के कर होता. पण नफा काढण्यापूर्वी जुनी किंमत महागाईच्या सरकारी निर्देशांकाने फुगवून घेता येत असे. २३ जुलै २०२४ पासून दर १२.५ टक्के झाला आणि ही फुगवणी गेली. यावर पुष्कळ ओरड झाल्यावर असे ठरले की, त्या तारखेपूर्वी घेतलेल्या जमिनीच्या वा घराच्या बाबतीत, भारतात राहणाऱ्या व्यक्तीने दोन्ही रीतींनी हिशेब करावा आणि जो कर कमी येईल तेवढाच भरावा. निर्देशांक २००१–०२ सालाचा १००, २००६–०७ चा १२२ आणि २०२४–२५ चा ३६३. जुन्या रीतीने १२ लाखांचे ४३ लाख ५६ हजार होतात आणि माडीच्या २ लाखांचे सुमारे ५ लाख ९५ हजार. नफा उरतो सुमारे ७० लाख ४९ हजार, आणि त्यावर २० टक्क्यांनी कर सुमारे १४ लाख १० हजार. नव्या रीतीने १ कोटी २० लाखांतून सरळ १४ लाख वजा करावयाचे. नफा १ कोटी ६ लाख, कर १३ लाख २५ हजार. आमच्या आकड्यांना नवी रीत किंचित स्वस्त पडली. कोणाला जुनी पडेल. उपकर वगैरे निराळा.

या जुन्या रीतीत एक गोष्ट आम्हांस फार आवडली. वारशाने आलेल्या घराची महागाई कोणत्या वर्षापासून मोजावयाची, मुलाच्या हाती घर आले तेव्हापासून की ते आईबापांच्या हाती होते तेव्हापासून? कायद्याच्या अक्षरांवरून पहिला अर्थ निघत असे. परंतु पूर्वीच्या मालकाकडून मोबदल्यावाचून आलेल्या मिळकतीबद्दल मुंबई उच्च न्यायालयाने २०११ साली दुसरा अर्थ ग्राह्य धरला: त्या मालकाचा काळ हा नव्या मालकाचाच काळ होय. कोर्टाच्या रुक्ष भाषेत ‘आम्ही’ हा शब्द आम्हांस तेवढा एकदाच भेटला.

याच सुमारास घेणाऱ्या गृहस्थांनी, चहाचा पेला खाली ठेवता ठेवता, एक सूचना केली. खरेदीखतात थोडी कमी रक्कम दाखवावी, उरलेली ते रोख देतील, दोघांचेही कल्याण. माणूस सभ्य होता, आणि जी गोष्ट दहाजण करतात तीच तो बोलत होता. खरे सांगावयाचे तर त्या रात्री आम्ही तिघांनीही मनातल्या मनात आकडेमोड केली. कायद्याची भीती होतीच: सरकारी मुद्रांकमूल्य खतातल्या किमतीहून दहा टक्क्यांपेक्षा अधिक भरले, तर कर मुद्रांकमूल्यावरच बसतो, आणि घराच्या व्यवहारात वीस हजार वा त्याहून अधिक रक्कम रोख घेण्यास २०१५ पासून बंदी असून, घेतल्यास तेवढाच दंड होऊ शकतो. परंतु आम्हांला थांबवले ते भीतीने नव्हे. ट्रंक उघडीच पडली होती, आणि माडीच्या पावत्यांवर अण्णांच्या अक्षरात प्रत्येक गवंड्याची मजुरी, तारीख आणि ‘पावले’ हा शब्द होता. ज्या माणसाने आपली प्रत्येक पै लिहून ठेवली, त्याचे घर अर्धे लिहून आणि अर्धे न लिहून विकावयाचे, हे जमेना. ताई म्हणाली, “अण्णांच्या वहीत हे कुठल्या खात्यावर मांडशील?” दादांनी सकाळी उठून घेणाऱ्यांस नाही म्हणून कळवले. व्यवहार मोडेल असे वाटले होते. तो मोडला नाही.

यानंतर जे झाले, त्यासाठी मात्र आमची तयारी नव्हती. प्रत्येकाच्या वाट्याला ४० लाख रुपये आले, आणि त्यात नफा प्रत्येकी ३५ लाख ३३ हजारांच्या घरात. विटा त्याच, तारीख तीच, खत एकच. पण कर तिघांचा तीन तऱ्हेचा निघाला.

ताईची गोष्ट सर्वांत सोपी. राहत्या घराचा नफा दुसऱ्या राहत्या घरात घातला तर कायदा कर मागत नाही. नवे घर विक्रीच्या आधी एका वर्षात वा नंतर दोन वर्षांत घ्यावे, किंवा तीन वर्षांत बांधावे. विवरणपत्राच्या मुदतीपर्यंत ते झाले नाही, तर नफ्याची रक्कम बँकेत १९८८ च्या भांडवली नफा खाते योजनेत ठेवावी. आणि नवे घर तीन वर्षे विकू नये. आई नेहमी म्हणे, “घराचे पैसे घरातच जावे.” तिला हे कलम ठाऊक नव्हते, पण अर्थ पाठ होता. ताईने रक्कम त्या खात्यात ठेवली, आणि दिवाळीच्या सुमारास नाशकास घर घेतले. तिचा कर शून्य.

दादांना दुसरे घर नको होते. त्यांच्यासाठी रोख्यांची वाट निघाली: विक्रीपासून सहा महिन्यांच्या आत नफ्याची रक्कम ठरावीक सरकारी संस्थांच्या रोख्यांत गुंतवावयाची. मर्यादा ५० लाख, मुदत पाच वर्षे, व्याज बेताचे आणि तेही करपात्र. दादांचे वय पाहता पाच वर्षे पैसे अडकवणे ही गोष्ट लहान नव्हे. पण त्यांचाही कर शून्य झाला.

उरला धाकटा. आम्हां दोघांच्या रकमेतून घेणाऱ्यांनी एक टक्का, म्हणजे प्रत्येकी ४० हजार, कराच्या नावे कापून भरले होते. धाकटा अनिवासी, त्याच्या बाबतीत कपात १२.५ टक्क्यांच्या दराने, आणि कमी कपातीचा दाखला आयकर खात्याकडून आधी मागवला नसल्यामुळे, ती नफ्यावर न होता सबंध ४० लाखांवर झाली. दाखला मागवण्याचे सुचले नाही, हा दोष सर्वस्वी आमचा. जास्तीची रक्कम विवरणपत्र भरून त्याला परत मागावी लागली. दोन रीतींतून कमी कर निवडण्याची मुभाही अनिवासी माणसास नव्हती. आमच्या आकड्यांना तिचा उपयोग नव्हता, हे नशीब. रोख्यांची वाट त्यालाही मोकळी होती, पण मुलीच्या कॉलेजाची फी त्याच वर्षी उभी राहिली. न्यू जर्सीचे घर दाखवावे, तर २०१४ च्या दुरुस्तीनंतर नवे घर भारतातच असावे लागते. तेव्हा उपकर सोडून ४ लाख ४१ हजारांवर कर एकट्या धाकट्यास भरावा लागला.

दूरध्वनीवर त्याने आम्हांला तिकडची रीत सांगितली. अमेरिकेत माणसाने आपले मुख्य राहते घर विकले, तर एकट्याला अडीच लाख डॉलरांपर्यंत आणि जोडप्याला पाच लाखांपर्यंत नफा माफ असतो. नवे घर घ्या वा न घ्या. अट मुख्यतः एवढीच की, विक्रीपूर्वीच्या पाच वर्षांत किमान दोन वर्षे ते घर तुमचे असावे आणि तुम्ही त्यात राहिलेले असावे. आमचा कायदा विचारतो, पैसे कोठे ठेवणार? तिकडचा विचारतो, राहिलात का? धाकटा हसून म्हणाला, “अठरा वर्षं राहिलो म्हणून सांगितलं, तरी चालायचं नाही. शेवटची पाच हवीत.” हसण्यानंतर तो थोडा वेळ काही बोलला नाही.

त्या रात्री ताईने प्रस्ताव मांडला. ज्या माडीची किंमत तिघांच्याही हिशेबात वजा झाली, तिचे निम्मे पैसे त्याचे. आणि कर मात्र त्याचा एकट्याचा, हे बरे नव्हे. कराचे तीन भाग करावे आणि दोन आम्ही द्यावे. भावाबहिणीने एकमेकांस दिलेल्या रकमेवर आपल्याकडे कर नाही, म्हणजे कायद्याचीही आडकाठी नव्हती. दादांनी लगेच होकार दिला. धाकट्याने मात्र ऐकले नाही. तो म्हणाला, “आई गेल्यावर घरपट्टी तुम्ही दोघांनी भरली. पुरानंतरचा चिखल तुम्ही काढलात. मी लांब गेलो, त्याची ही पट्टी आहे. ती मलाच भरू द्या.”

यावर आम्हांला उत्तर सुचले नाही, आणि आजही सुचत नाही. दादांना वाटते की तो दुखावला होता. ताईला वाटते की त्याला हलके वाटले. दोन्ही खरे असेल. कायद्याने आम्हांला वेगळे केले, अशी आमची तोपर्यंत तक्रार होती. पण वेगळे आम्ही पुष्कळ आधीच झालो होतो, कायद्याने फक्त त्याचे आकडे मांडले.

हे सर्व १९६१ च्या आयकर कायद्याखाली घडले. त्याच्या जागी २०२५ चा नवा कायदा १ एप्रिल २०२६ पासून लागू करण्यात आला आणि कलमांचे आकडे बदलले. म्हणून आम्ही येथे आकडे दिलेले नाहीत. ज्यांना घर विकावयाचे असेल त्यांनी त्या वर्षीचे नियम जाणत्या माणसास विचारावे, पावत्या जपाव्या, आणि भावंडांशी आधी बोलावे. यातली शेवटची सूचना सीएंनी केलेली नाही, ती आमची आहे.

खरेदीखतावर आमची नावे ‘लिहून देणार’ क्रमांक एक, दोन आणि तीन अशी आली. धाकट्याची सही दादांनी मुखत्यारपत्राने केली. घर रिकामे करताना शेवटी ओसरीवरचा झोपाळा उरला. घरगुती वापराच्या जंगम चिजांस, दागिने वगैरे सोडून, आयकराचा कायदा मिळकत समजत नाही; त्यांच्या विक्रीचा नफाही तो मागत नाही. म्हणजे झोपाळ्याचे हिस्से करण्यास आम्हांला कोणी सांगितले नव्हते. त्याची फळी आणि पितळी कड्या ताईच्या नाशकाच्या घरी गेल्या. धाकटा या खेपेस आला तेव्हा विमानतळावरून आधी तेथेच उतरला, आणि आम्ही तिघे त्या झोपाळ्यावर दाटीवाटीने बसलो. फळी जरा करकरली, इतकेच.